शेवंतीनगरच्या चढाचं पाणी

माझं नाव निवृत्ती. नोकरीतून निवृत्त झालो त्या दिवशी ऑफिसातली पोरं लय हसली, म्हणली नाना, तुम्ही तर बारशापासूनच निवृत्त. मूळ गाव देवळा तालुक्यात, देवळ्यापासून बरंच आत. तिकडं जिकडं बघाल तिकडं कांदा, आमच्या कपड्याला, अंथरुणालाबी कांद्याचा वास. जमीन थोडी आन् भाऊ आम्ही चार, म्हणून दहावी झाल्यावर मामानं मला नाशिकला आणलं. झाल्यावर म्हणजे काय, नापास झाल्यावर, गणितात गेलो, खोटं कशाला सांगू. आई एसटीपर्यंत आली व्हती, तिची बोली अहिराणी, म्हणली तठे येळवर जेवत जाय, म्हणजे तिथं वेळेवर जेवत जा. बस, एवढंच म्हणली आन् मागं वळून चालायलाच लागली.

मामा सातपूरला एका वर्कशॉपात लेथवर व्हता, त्यानं मला तिथंच हेल्पर म्हणून लावलं. पण काय सांगू तुम्हाला, मला तो आवाज सोसंना. दिवसभर लोखंड किंचाळतंय आन् रात्रीबी कानात तेच. मी मोकळ्या रानातला माणूस. दीड वरीस काढलं कसंबसं, मंग मालकानंच वर्कशॉप बंद केलं, आन् मला आतून बरंच वाटलं, मामाला मात्र वाईट तोंड करून दाखवलं. मंग पाणीपुरवठ्याच्या पाइपलाइनच्या खोदाईवर रोजंदारीला लागलो. टिकाव, फावडं, घमेलं. ते काम मला आवडलं. माती खोदायची सवय व्हती, आन् पाइप टाकून झाला, पहिल्यांदा पाणी सोडलं, का ते आधी खोकल्यासारखं करतं, गढूळ येतं, मंग हळूहळू नितळ व्हतं, ते बघायला मला लय आवडायचं.

तर ही आपली कॉलनी, शेवंतीनगर, हिची पहिली लाइन खोदायला मी व्हतो. तव्हा इथं कॉलनी नव्हतीच म्हणा ना. सगळा मळा. यमुनाआक्काच्या सासऱ्याचा मळा, मेथी, कोथिंबीर, वाल, आन् चढाकडच्या अंगाला शेवंतीचे वाफे, पांढरी आन् पिवळी. आक्काचे दीर आधी विकून मोकळे झाले, मंग तिचे मालकबी विकायला तयार झाले. आक्काला विचारलं नव्हतं कोणी, पण तिनं एकच अट घातली, म्हणली घर माझं हालणार नाय, आन् वस्तीला नाव शेवंतीचं द्या. ती अट पाळली लोकांनी. मी खोदत व्हतो तव्हा आक्का चाळिशीची असंल, ठेंगणी, नाकात मोठी नथनी, आवाज असा का मळ्याच्या ह्या टोकाहून त्या टोकाला जाईल. आम्हा खोदणाऱ्यांना दुपारच्याला भाकरीवर मिरचीचा ठेचा आणून द्यायची आन् म्हणायची, माझ्या जमिनीचं पोट फाडून ऱ्हायलात, निदान उपाशी नका फाडू.

मंग एकेक घर उभं ऱ्हायलं. पहिली चार घरं. रस्ता नाय, दिवा नाय, पावसाळ्यात काळी माती अशी धरायची का सायकल खांद्यावर घेऊन चालायची पाळी. माणसं सगळी कारखान्याची, कोणी धुळ्याचं, कोणी नगरचं, कोणी पार वर्ध्याचं, पाळीला जाणारी. एकाची पहिली पाळी तर दुसऱ्याची तिसरी, त्यामुळं वस्तीत कायम कोणीतरी झोपलेलं आन् कोणीतरी जागं. बाया एकमेकींच्या पोरांना गप करायच्या, ह्यांचे बाबा झोपलेत, हळू खेळा. एकीची भाषा दुसरीला निम्मीच कळायची. वर्ध्याची बाई भाजीला जे म्हणायची त्याचं धुळ्याच्या बाईला हसूच यायचं. पण लाइनीला टाकीचं पाणी अजून सुटलं नव्हतं, पाणी आक्काच्या विहिरीचं, त्यामुळं सगळ्या रोज तिथं भेटायच्या आन् तिथंच निम्म्या भाषेची पूर्ण भाषा झाली. पहिला गणपती आक्काच्या ओट्यावर बसला. पहिलं लग्न झालं तव्हा मांडवाला जागा म्हणून दोन रिकामे प्लॉट शेणानं सारवले बायांनी. मी तव्हा बाहेरचाच, रोजंदारीचा, पण पंगतीला बसवलं मलाबी.

मला ही जागा भावली. चढावर एक प्लॉट व्हता, खडकाळ, कोणी घेईना. तो मी घेतला, सासऱ्यानं हातभार लावला म्हणून जमलं. बायको माझी मंदा, सटाण्याकडची. ती आली तव्हा घर म्हणजे दोन खोल्या आन् वर पत्रा. पहिल्या दिवशी तिनं दारात उभं राहून खाली बघितलं, सगळी कॉलनी दिसायची तिथून, म्हणली राजासारखं बसता येईल इथं, फक्त पाणी चढून यायला पायजे. बघा, पहिल्याच दिवशी म्हणली.

पुढं मी पाणीपुरवठ्यात कायम झालो आन् मला व्हॉल्व्हमनचं काम मिळालं. आता व्हॉल्व्हमन म्हणजे काय, तर पाणी सोडणारा. रस्त्यात लोखंडी झाकणं असतात ना, त्याच्या खाली व्हॉल्व्ह, आन् छातीएवढ्या उंचीची लोखंडी चावी आमच्या हातात. झाकण उचलायचं, चावी खाली घालायची, फिरवायची, का त्या गल्लीला पाणी गेलं. मोठ्या टाकीतून आपल्या कॉलनीला सकाळचा दीड तास मिळायचा. पाचला सुरुवात. मारुतीच्या देवळाच्या कोपऱ्यावर दोन व्हॉल्व्ह, एक खालच्या गल्ल्यांचा, एक चढाच्या गल्लीचा. आधी पाऊण तास खाली, मंग ते बंद करून पाऊण तास वर. वर्षानुवर्षं हेच. पाऊस असो, थंडी असो, दिवाळीच्या अंघोळीला तर अर्धा तास आधी उठायचं, का लोकांचं अभ्यंगस्नान माझ्या हातात.

माणसं कशी असतात ते मला पाण्यावरून कळलं. कोणाच्या घरी पाहुणे हायेत, कोणाकडं बाळंतीण हाय, कोणाचं भांडण झालंय, सगळं मला सकाळी पाचला कळायचं. भांडण झालेलं असलं का बाई हंडा जोरात ठेवते. कोणी चहाला बोलवायचं, कोणी नुसतं नाना आला का नाना आला करत खिडकीतून बघायचं. मला कोणी नावानं नाय, पाण्यानंच ओळखायचं. लहान पोरं तर म्हणायची पाणीनाना.

पण वस्ती वाढली ना. चढाला आधी चार घरं, मंग चौदा, मंग मागच्या अंगाला आणखी. आन् चढाच्या गल्लीला पाणी कमी यायला लागलं. आधी धार बारीक, मंग करंगळीएवढी, मंग शेवटच्या घरांना नुसता नळाचा फुसफुस आवाज. मी ऑफिसात कळवलं, तिथले साहेब येऊन बघून गेले, म्हणले चढ हाय, घरं वाढली, दाब कुठून येणार. मलाबी तेच वाटलं. चढाला पाणी चढत नाय, ह्यात काय नवल.

आता माझं घर चढाच्या शेवटाला. तिथल्या बाया मंदाला म्हणायच्या, तुझ्या नवऱ्याच्या हातात चावी आन् आपल्याच गल्लीत असे हाल. हळदीकुंकवाला तिला बोलवायच्या, पण बोलवून टोचायच्या. आन् खालच्या गल्लीतले उलटं म्हणायचे, ह्याचं घर वर, हा नक्की वरच्यांना जास्त सोडत असणार. दोन्हीकडून माझंच नाव. मी मनात म्हणायचो, घड्याळ लावून करतो, मला कशाची भीती.

तेवढ्यात आमच्या वैशूचं लग्न ठरलं. एकुलती एक पोरगी. मुलगा ओझरकडचा, चांगला. लग्न लॉन्सवर, पण हळद घरी करायची असं मंदानं पहिल्यापासून ठरवलेलं. हळदीला पंधरा दिवस ऱ्हायले, पाहुणे यायला सुरुवात झाली, मंदाची आई, बहिणी, त्यांची पोरं, आन् घरात पाणी नाय. एका सकाळी मी डबा घ्यायला घरी आलो तर मंदा रिकाम्या हंड्यांच्या मधी बसलेली. रागावली नाय, आवाज चढवला नाय. तिच्या बोलीत म्हणली, घरमा पानी नही शे, आन् सगळा गावनं पानी तुमना हातमा शे.

काय सांगू तुम्हाला. ते माझ्या डोक्यात बसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खालचा व्हॉल्व्ह दहा मिनटं आधी बंद केला. घड्याळात बघितलं, अजून दहा मिनटं व्हती, आन् तरी चावी फिरवली आन् वरचा उघडला. एवढ्या वर्षांत एकदाच. वर काय आलं? दोन हंडे जास्त, बस. पण आले. मंदा हसली. मला मात्र त्या दिवशी डबा गोड लागला नाय.

आता खालच्या गल्लीच्या शेवटच्या कोपऱ्यावर, जिथून चढाची लाइन पुढं वर जाते तिथं, ओझरच्या साहेबांचं घर. विमानाच्या कारखान्यात मोठे फोरमन व्हते, रिटायर झालेले, उंच, कडक, इस्त्रीचा शर्ट घातल्याशिवाय कंपाउंडच्या बाहेर यायचे नाय. कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष तेच. त्यांच्या घराला पाणी सगळ्यात शेवटी भरायचं, आन् मी दहा मिनटं आधी बंद केलं म्हणजे त्यांच्याकडं त्या दिवशी पाणीच नाय गेलं. आन् त्यांची बायको अंथरुणाला खिळलेली, अर्धांग झालेला. साहेब स्वतः त्यांचं सगळं करायचे, कपडे, चादरी, अंघोळ, कामाला बाई ठेवली तरी हिला माझाच हात कळतो म्हणायचे. त्या घरात त्या दिवशी पाणी नाय. हे मला तव्हा ठाऊक नव्हतं.

रविवारी समितीची सभा देवळात. साहेब उभे ऱ्हायले आन् सगळ्यांसमोर म्हणले, गुरुवारी खालचं पाणी दहा मिनिटं आधी बंद झालं, मी घड्याळ बघितलंय, आणि चढावर कोणाच्या घरी लग्न आहे हे सगळ्यांना माहीत आहे. नाव घेतलं नाय माझं. घ्यायची गरजच नव्हती. सगळे माझ्याकडं बघायला लागले. वरच्या गल्लीतले उसळले, आम्हाला थेंब नाय आन् वर चोर ठरवता. खालचे म्हणले गुरुवारी आमच्याबी टाक्या भरल्या नाय. लय आरडाओरडा झाला. आन् मी? मी खरं बोलायला पायजे व्हतं तव्हाच. पण मान्य करायची लाज वाटली, आन् लाज वाटली का माणूस रागाचं सोंग घेतो. मी बाहेर गेलो, सायकलला बांधलेली चावी काढली, आन् साहेबांच्या पायाजवळ ठेवली. म्हणलं साहेब, उद्यापासून तुम्हीच सोडा पाणी.

मला वाटलं ते मागं सरतील. साहेबांनी वाकून चावी उचलली, वजन बघितलं, म्हणले, पाचला ना? मी येतो. पण तुम्हीपण या, मला काही माहीत नाही.

आन् खरंच आले. दुसऱ्या दिवशी पाचला पाच कमी असताना देवळापाशी, इस्त्रीचा शर्ट, हातात बॅटरी, बादली, मनगटावर घड्याळ. मी दाखवलं कसं फिरवायचं. पहिल्या दिवशी त्यांच्या हाताला फोड आले. आम्ही एकमेकांशी कामाशिवाय शब्द बोललो नाय. दुसऱ्या दिवशी तसंच. पण तो माणूस कारखान्यातला, विमानं जोडलेला, तो नुसती चावी फिरवून गप बसंल? तिसऱ्या दिवशी वरचं पाणी सोडल्यावर म्हणले चला. यमुनाआक्काचं घर देवळाला लागून, चढाच्या लाइनवर पहिलं. तिच्या नळाखाली बादली लावली, घड्याळ बघितलं, बादली भराभर भरली. मंग तिथून साहेबांच्या घराच्या पुढं गेलो, चढ जेमतेम लागतो तिथं, चढ असा नाहीच अजून, तिथल्या नळाखाली बादली लावली. भरता भरंना. साहेबांनी परत लावली, परत तेच. मंग त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदा सरळ बघितलं आन् म्हणले, निवृत्ती, हा चढ नाही. एवढ्याशा अंतरात दाब असा पडत नाही. मधे काहीतरी अडलेलं आहे.

मी म्हणलं मधी काहीच नाय, कागदावर बघा, नुसता सरळ पाइप. ते म्हणले, कागदावर नसेल, जमिनीत असेल, तुम्हीच खोदली होती ना लाइन?

तव्हा मी तिथंच खाली बसलो बघा. खरंच, मीच खोदली व्हती. डोळे मिटून आठवायला लागलो. आठवलं. मधी एक छोटं चेंबर केलं व्हतं, विटांचं, आक्काच्या विहिरीला लाइन जोडायची का नाय ह्याच्यावर वाद चालला व्हता म्हणून एक व्हॉल्व्ह टाकून ठेवला व्हता, आन् मंग ती जोडणी झालीच नाय. पण कुठं? तव्हा तिथं एक कडुनिंब व्हता, एक पाट व्हता, वाफे व्हते. आता विहीर बुजवलेली, निंब गेलेला, पाट गेलेला, सगळीकडं काँक्रीट आन् कंपाउंड. मला जागा सांगता येईना. स्वतः खोदलेली जागा.

साहेब म्हणले, कोणाला आठवेल? मी म्हणलं, एकच माणूस हाय.

आक्का तव्हा पंचाहत्तरीची. नथनी तीच, आवाज थोडा बसलेला. आम्ही दोघं ओट्यावर जाऊन बसलो, सगळं सांगितलं. तिनं काठी घेतली, घरातून मागच्या दाराला गेली, आम्ही मागं मागं. म्हणली ह्या दारातून मी रोज मालकाची भाकरी घेऊन निघायचे, निंबाखाली ते बसायचे. आन् चालायला लागली. समोर कंपाउंडची भिंत आली तर म्हणली ही मधी कोणी घातली, आन् वळसा घालून परत त्याच रेषेत आली. मधीच थांबायची, इकडं वाल व्हता, इकडं पाट ओलांडायचा, असं पुटपुटायची, आन् जिथं पाट असंल तिथं खरंच पाय उचलून टाकायची, डांबरी रस्त्यावर. गल्लीतली माणसं दारात येऊन बघायला लागली. कोणी हसलं नाय. आक्का चालत चालत साहेबांच्या गेटसमोर आली आन् काठी टेकवली. म्हणली हा माझा निंब. ह्याच्या सावलीला तुम्ही खोदणारे जेवायला बसायचे.

आता तिथं काय, तर साहेबांनी गाडी आत घ्यायला केलेला सिमेंटचा उतार. चांगला भक्कम, फोरमननं केलेला. मी साहेबांकडं बघितलं. साहेबांनी आक्काकडं बघितलं, मंग उताराकडं, मंग घरात गेले. मला वाटलं गेला माणूस. तर घण घेऊन बाहेर आले. पहिला घाव त्यांनीच घातला. शर्टाच्या बाह्या वर करून. मंग मी, मंग वरच्या गल्लीतले दोघंतिघं, खालचे दोघंतिघं. रीतसर ऑफिसात कळवायला पायजे व्हतं, ते मी मधी जाऊन कळवून आलो, माणूसबी आला त्यांचा. अकराच्या सुमाराला उताराखाली दोन हातांवर विटा लागल्या. माझ्या हातच्या विटा. आत व्हॉल्व्ह, गंजून लाल, आन् चारातल्या तीन हिश्श्यांनी बंद. कोणी बंद केला, कधी केला, कशाच्या कामाला केला आन् उघडायचा विसरला, ते आजपर्यंत कळलं नाय. एवढी वर्षं चढाची सगळी गल्ली एका हिश्श्यावर जगत व्हती.

तो लगेच फिरंना. तेल टाकलं, ठोकलं, दुसऱ्या दिवशी पाण्याच्या वेळेला परत लागलो. मी आन् साहेब दोघंबी एकाच चावीला. कुरकुर करत फिरला. आन् आतून पाइपात असा आवाज आला, जसं कोणी लय वेळ धरलेला श्वास सोडतं. मी वर बघितलं. चढावरून मंदाचा आवाज आला, पाणी, पाणी, आन् मंग एकेका घरातून भांड्यांचे आवाज. आमच्या नळाला एवढा जोर आला का तोटीच उडाली आन् मंदाची आई भिजली, ऐंशीची म्हातारी, ती म्हणे लय हसत बसली ओल्यात.

तिथं चेंबरपाशी मी साहेबांना सांगितलं. म्हणलं साहेब, गुरुवारी मीच आधी बंद केलं व्हतं. दहा मिनटं. पोरीच्या लग्नासाठी. तुम्ही खरं बोलला व्हता. ते चिखलात बसलेले, शर्ट घाणीनं भरलेला, म्हणले मला माहीत आहे. मंग म्हणले, त्या दिवशी हिला अंघोळ घालता आली नाही मला. मी रागानं आंधळा झालो होतो. आणि इतकी वर्षं तुमच्या पाण्यावर मीच गाडी उभी करून बसलो होतो. असं म्हणले. मी त्यांचा हात धरून त्यांना उठवलं, गुडघे धरले व्हते त्यांचे.

पुढच्या रविवारी परत सभा. मी उभा ऱ्हायलो, सगळ्यांसमोर सांगितलं का दहा मिनटं मी खाल्ली. कोणीतरी मागून म्हणलं, जाऊ द्या नाना. पण मी पूर्ण सांगितलं, कारण अर्धं सांगितलं का ते आतच ऱ्हातं. साहेबांनी उभं राहून एवढंच म्हणलं, निवृत्ती, सभेत तुम्हाला लाजवलं ते माझं चुकलं, विचारायला मी घरी यायला हवं होतं. मंग आक्का म्हणली झालं का तुमचं, आता हळदीचं बोला. आन् हळदीचं बोलणं सुरू झालं.

हळदीला सगळी कॉलनी आली. खालच्या बाया आल्या, वरच्या व्हत्याच. मांडवात अहिराणी गाणी, वर्ध्याच्या बाईची वेगळी गाणी, दोन्ही एकदम चालू. साहेब आपल्या बायकोला चाकाच्या खुर्चीवर बसवून चढावर घेऊन आले, स्वतः ढकलत, कोणाला हात लावू दिला नाय. वैशूनं खाली बसून त्यांच्या कपाळाला हळद लावली. त्या बोलू शकत नव्हत्या, एका बाजूनं हसल्या. साहेबांनी तोंड फिरवलं, मलाबी फिरवावं लागलं.

त्यानंतर उताराचं काय, तर साहेबांनी परत केला, पण मधी झाकण सोडून, आन् गाडी तिथं कधी लावली नाय. पुढच्या दोन वर्षांत त्यांची बायको गेली. त्यानंतर आक्का गेली, झोपेतच, सोपं मरण. तिच्या अंत्ययात्रेला एवढी माणसं का पुढचं टोक पार कॉलनीबाहेरच्या नाल्यापाशी आन् मागचं देवळापाशी. ज्यांनी तिच्या जमिनीवर घरं बांधली ते सगळे तिला खांदा द्यायला. पोरांनी समितीच्या मोकळ्या जागेत शेवंती लावली, नीट येत नाय, खतपाणी कोणी करत नाय धड, पण येते दोनचार फुलं.

साहेबांना मुलगा पुण्याला घेऊन गेला. बाराव्या मजल्यावर घर, लिफ्ट, सगळी सोय. घर इथलं बंद. मी रोज त्या गेटसमोरून जायचो, बरं वाटायचं नाय. चार महिने झाले असतील, एका सकाळी गेट उघडं. साहेब पायरीवर बसलेले, बॅग बाजूलाच. मी म्हणलं काय साहेब, काही विसरलं का? म्हणले, तिथे सगळं चांगलं आहे, निवृत्ती, पण तिथे मला कोणी ओळखत नाही आणि मी कोणावर चिडू शकत नाही. मी म्हणलं मंग चिडा की इथं, कोण अडवतंय. त्या दिवशी दुपारचा डबा त्यांना आमच्याकडून गेला, आन् मंग रोजचाच झाला. मंदा त्यांना मुद्दाम कमी तिखट करते, ते म्हणतात तिखट घाला, ती घालत नाय.

आता मी रिटायर झालो त्याला तीन वर्षं झाली. माझ्या जागेवर हुशार पोरगी आलीय, बघा, पोरगी, मोटरसायकलवर येते, पाणी सोडलं का मोबाइलच्या ग्रुपवर टाकते. पहिले काही दिवस मी पाचला आपोआप उठून बसायचो, मंदा म्हणायची झोपा. आता झोपतो सहापर्यंत. कॉलनीत सहा मजल्याच्या बिल्डिंगी आल्या दोन, तिथल्या लोकांचे चेहरे माहीत नाय मला, पण त्यांची पोरं संध्याकाळी मोकळ्या जागेत येतात खेळायला, त्यांच्यामागं त्यांच्या आया येतात, म्हणजे व्हईल ओळख. वैशू ओझरहून फोन करते, मला ती दादा म्हणते, दादा, इकडं या राहायला, मोठं घर बांधलंय. दोन दिवस जातो, तिसऱ्या दिवशी परत येतो. जावई चिडवतो, दादांचं पाणी इकडं चढत नाय.

काल संध्याकाळी बाकावर बसलो व्हतो मी आन् साहेब. साहेब म्हणले समितीनं नवीन कंपाउंडला पिवळा रंग मारला तो चुकीचा आहे, पांढरा पाहिजे होता. मी म्हणलं पिवळाच बरा. अर्धा तास वाद झाला. मंग अंधार पडायला लागला तर म्हणले चला, मंदाताईंनी आज काय केलंय? मी म्हणलं पिठलं. म्हणले चला मग.

तर अशी ही आमची वस्ती. लिहून घेतलंत, बरं केलंत. तुमच्या गल्लीतबी असंच एखादं माणूस भेटो तुम्हाला, जे तोंडावर भांडंल आन् मंग जेवायला बसंल. मी तर भरून पावलो. आता उठा, चहा झालाय, मंदा दोनदा डोकावून गेली.